फिकट बिस्किटं

उस्तादांना बिस्किटं शिकवायला जाणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. अडतीस वर्षं हा माणूस बेकरीच्या भट्टीसमोर उभा! आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण सगळं जग त्यांना उस्ताद म्हणतं. बायको तेवढी ‘अहो’ म्हणते.

आणि सध्या घोर होता तो या बायकोचाच. ती घरी शिवणकाम करते. आठवड्यात तिसऱ्यांदा तिनं त्यांच्या हातात सुई दिली, "जरा दोरा ओवून द्या हो." डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, साखर आटोक्यात आली नाही तर डोळ्यांवर जाईल. मैदा, साखर, बेकरीचा माल, सगळं बंद. बाईंनी मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी उस्तादांना शिलाई मशीनच्या खणात बिस्किटांचा पुडा सापडला. तोही त्यांच्याच जुन्या बेकरीचा!

ओरडायचं तरी कोणत्या तोंडानं? लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी गरम पुडा घरी आणणारे हेच महाशय. त्यांनी गुपचूप खण बंद केला. "सवय मी लावली, मीच मोडणार," ते स्वतःशीच पुटपुटले. चोरून बाहेरचं खावंसंच वाटणार नाही असं बिस्किट घरी करायचं, ठरलं.

सकाळी ओट्स दळले. त्यात गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, थोडं तेल, आणि गोडाला अख्ख्या घाण्यात मिळून चार खजूर. दिवसाला दोन चालतील, हे डॉक्टरांना विचारूनच घेतलं होतं. लेकीनं दिलेल्या छोट्या ओव्हनमध्ये ट्रे गेला आणि उस्ताद काचेला नाक लावून बसले.

त्यांची रीत एकच. रंग आला की काढायचं. घड्याळ बघतात ते नवशिके. पण रंग काही येईना! दहा मिनिटं झाली, वीस झाली, बिस्किटं आपली फिकटच. अर्ध्या तासानं कडा जरा तांबूस झाल्या, तेव्हा कुठे ट्रे बाहेर आला. बायकोनं एक उचलून ताटलीवर आपटलं. ठण्ण!

"अहो, दात माझे आहेत, भाड्याचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी तीच गत. तिसऱ्या दिवशीचं बिस्किट तर दाराला अडकण म्हणून लावावं असं. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, साखरच नाही तर तसा रंग येणार कुठून? बारा मिनिटांचं घड्याळ लावा आणि काढा."

"मला घड्याळ सांगतेस? अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून..."

"बरं, मग खा दगड!" तिनं फोन ठेवला.

लागलं हो ते त्यांना! नाकाला मिरच्या झोंबल्या. बराच वेळ येरझारा घातल्या. पण पोरगी खोटं कुठे बोलली होती? अडतीस वर्षांत बिनसाखरेचा एक घाणा काढला असता, तर हे कळलं असतं.

चौथ्या दिवशी घड्याळ लावलं. घंटा वाजली. ट्रे निघाला तो असा फिकट आणि मऊ, की बेकरीत कुणी असा माल काढला असता तर उस्तादांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. हात आपोआप ट्रे परत आत सारायला गेला. "खबरदार!" त्यांनी स्वतःच्याच हाताला दम दिला आणि बिस्किटं गार होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले.

बायकोनं एक मोडलं. कट्कन आवाज आला. खाल्लं. दुसरं घेतलं. मग उठून मशीनचा खण उघडला आणि तो पुडा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"अरेच्चा, हा कुठला?" उस्तादांनी भोळा चेहरा केला.

"पुरे नाटक. तो खण लावताना कुरकुरतो."

उस्ताद खूश झाले. "चव जमली म्हणायची. पण रंग नाही गं आला, रूपच नाही त्यांना."

"रंगाचं काय घेऊन बसलात?" ती हसत म्हणाली. "मला तरी तो हल्ली कुठे नीट दिसतोय!"

उस्ताद हसले नाहीत. मशीनवर ठेवलेली हातसुई उचलून त्यांनी दोरा ओवला आणि तिच्या हातात दिला.

"उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं," ते म्हणाले, "नाही म्हणायचं नाही."

ती नाही म्हणाली नाही. त्यांनी पुडा कचऱ्यात टाकला आणि पुढच्या घाण्यासाठी घड्याळ पुन्हा बारा मिनिटांवर लावलं.