गुणवंतीबायच्या गाडीचा काटा

दौलत परबला लोक शांत माणूस म्हणतात. साफ खोटं. गिरणीच्या साचेखात्यात मी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचो आणि तो त्यांचा फिटर होता. इतका भांडकुदळ माणूस आख्ख्या खात्यात नव्हता. फक्त तो माणसांशी भांडत नसे, यंत्रांशी भांडायचा.

संप झाला आणि आमच्या गिरणीचं फाटक पुन्हा उघडलंच नाही. लालबागेतली कितीतरी बिऱ्हाडं गावी गेली. दौलत हटला नाही. परळला एका गाळ्यात मोटारींचं काम शिकला आणि पुढे तिथलाच मिस्त्री झाला. मी त्याच्या हाताखाली. म्हणजे पाने द्यायचे, चहा सांगायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं. यातलं शेवटचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

गुणवंतीबाय ही भाऊच्या धक्क्यावरची मासळीची मोठी व्यापारी. तिच्या नवऱ्याने हौसेने एक जुनी विलायती गाडी घेऊन तिला सुपरचार्जर बसवून घेतला होता. नवरा गेला, हौस तिने सांभाळली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. हवा जास्त गेली की पेट्रोलही तेवढ्याच जोराने यावं लागतं, नाहीतर पिस्टन जळतो. आणि या गाडीत पेट्रोलचा दाब घटकेत ठीक, घटकेत पार खाली. चढाला लागली की गचके खायची.

गुणवंतीबायने निदान आधीच करून ठेवलं होतं. "ह्या रामूनं पेट्रोल विकून रॉकेल भरलंय. गाडी नीट झाली की किल्ली ठेवायची आन् घरी जायचं."

रामू तिचा ड्रायव्हर. त्याने एकदा "नाही बाय" म्हटलं आणि मान खाली घातली. मी असतो तर किल्ली धक्क्यावरून समुद्रात भिरकावली असती.

दौलतने टाकीतलं पेट्रोल बोटावर चोळलं. बोट चटकन सुकलं. रॉकेल असतं तर तेलकट राहिलं असतं. "पेट्रोल चोख आहे, बाय."

"आज चोख भरून आणलं असंल," बाय म्हणाली.

म्हणजे खरा बिघाड सापडल्याशिवाय रामूची सुटका नव्हती. दौलतने गाळणी बदलली. पंपाला वीज पुरी पोचते का ते पाहिलं. सुपरचार्जरकडून पेट्रोलचा दाब राखणाऱ्या झडपेकडे येणारी रबरी नळी फुंकून पाहिली. सगळं शाबूत. मग त्याने पेट्रोलच्या वाटेवर दाबाचा काटा जोडला आणि लांब नळीने बाहेर काढून पुढच्या काचेवर चिकटवला. रामूला स्टेअरिंगवर बसवलं, मला शेजारी काटा बघायला आणि स्वतः मागे बसला. निघालो अँटॉप हिलच्या चढाला.

सुपरचार्जर असा किंचाळायचा की शेजारच्याचं बोलणं कळेना. पण साचेखात्यात हयात घालवलेल्यांना तोंडाची काय गरज? त्या खडखडाटात आम्ही बोटांनीच शिव्या द्यायचो. मी पंजा उभा धरला, म्हणजे काटा जागेवर. चढ लागला तसा पंजा खाली खाली आणत गेलो. दौलतने मूठ आवळली आणि मी रामूला थांबवलं.

खाली उतरून दौलतने टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकण सैल ठेवून पुन्हा चढलो, तर काटा जागचा हलेना. मग कोडं उरलं नाही. पेट्रोल बाहेर पडत होतं, पण त्याच्या जागी हवा आत येत नव्हती. त्यासाठी टाकीला एक बारीक नळी असते. दौलत गाडीखाली सरपटला. नळीच्या तोंडात सुताचा घट्ट बोळा होता आणि वर दोऱ्याची गाठ.

ती गाठ कुणाची हे मला विचारू नका. गिरणीत कुठलीही नळी उघडली की फिटर आधी तिच्या तोंडात सुताचा बोळा कोंबतो, नाहीतर उडती रुई आत जाऊन बसते. मागच्या महिन्यात ही टाकी दौलतनेच धुतली होती. आता रुई कुठे उडत नाही, हे त्याच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

रामू स्टेअरिंगवर होता, त्याला काही दिसलं नाही. बोळा खिशात गेला असता तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. हिंदमातापासून माटुंग्यापर्यंत दौलतचं नाव होतं की त्याच्या हातून गेलेली गाडी पुन्हा उघडावी लागत नाही. ते नाव तसंच राहिलं असतं.

गाळ्यावर येऊन त्याने बोळा गुणवंतीबायच्या हातावर ठेवला. "हा माझा. टाकी धुताना मी घातला आणि काढायचा विसरलो. रामूचा ह्यात काही दोष नाही."

बायने बोळा उलटसुलट करून पाहिला. "मंग तुझ्याकडं गाडी परत कशाला आणू रं?"

"नका आणू. पण ड्रायव्हर बदलू नका."

मला इतका अभिमान वाटला की मी चक्क गप्प राहिलो. मला ओळखणारे यावर विश्वास ठेवत नाहीत.

रामूने काढून ठेवलेली किल्ली गुणवंतीबायने परत त्याच्या हातात दिली. "माझं चुकलं, रामू," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

रामू दार उघडता उघडता थांबला. "दौलतदादा, गप्प बसला असतात तरी तुम्हाला कोण विचारणार होतं?"

दौलत हात पुसत होता. "आमची नोकरी कुणाच्या चुकीनं गेली, ते इतक्या वर्षांत एकानंही येऊन सांगितलं नाही रे," तो म्हणाला. "मी अजून वाट बघतोय. तुझ्यावर ती पाळी कशाला?"