कौसल्या, उतर जरा

राहनाळच्या गोदामात सुपरवायझर असलेल्या वाल्मीकनं पंधरा वर्षं जुनी स्पोर्ट्स सेडान घेतली नि तिच्यावर जीव ओवाळून टाकला. गाडी आधीच बसकी, त्यात या शहाण्यानं हौसेनं स्प्रिंगा कापून आणखी खाली घेतली. शेलार गावच्या वाटेवरचे स्पीडब्रेकर म्हणजे टेंगळं. नवरा-बायको दोघं बसले की गाडीचं पोट खर्रकन घासायचं. मग प्रत्येक ठिकाणी तो बायकोला म्हणायचा, "कौसल्या, उतर जरा." ती उतरून चालत पुढं जायची, गाडी पार झाली की परत बसायची. "सवतीचे लाड हायत सगळे!" म्हणून हसायची.

गेल्या वर्षी तिला दम लागला. दवाखान्यात नेताना पहिल्याच स्पीडब्रेकरला त्याचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. तो काही बोलायच्या आत कौसल्या उतरली नि छातीवर हात धरून चालू लागली. तिला हाक मारून परत बसवायचं सोडून त्यानं गाडीचं पोट सांभाळलं.

आठवड्यात ती गेली.

आता वाल्मीक एकटाच फिरतो. स्पीडब्रेकर आला की थांबतो, डावीकडच्या सीटकडं बघतो, मग पहिला गिअर टाकतो. गाडी अलगद पार होते. कुठंच घासत न्हाय.