लाकोतच्या कुत्र्याचं नाव

लाकोतने पिल्लाचं नाव ठेवलं आबेदोकान्य, आणि त्या दिवशी शेजारच्या ओर्येमला जेवण गोड लागलं नाही. नावाचा अर्थ सरळ आहे: मी इथेच राहणार.

आम्हा अचोली लोकांत कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतंच मुळी. सवतीला सुनावायचंय, नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचंय, तर भांडून तोंड कशाला विटाळायचं? पिल्लू आणायचं, जे बोलायचं तेच त्याचं नाव ठेवायचं आणि रोज संध्याकाळी गावभर ऐकू जाईल अशी हाक मारायची. लेकी बोले सुने लागे. कुणाला राग आलाच, तर म्हणायचं, अहो, मी कुत्र्याला बोलावतेय.

ओर्येम लाकोतचा धाकटा दीर. तिचा नवरा ओबोल वारला, त्याला अंगणातच पुरलं, आणि रीतीप्रमाणे ओर्येम भावजयीला बायको म्हणून आपल्या घरात घ्यायला तयार झाला. तयार कसला, टपूनच बसला होता मेला. लाकोत म्हणाली, नको. समजवायला आलेल्या बायकांना तिने सुनावलं, "लढाई संपून छावणीतून परत आलो, तेव्हा इथे डोक्याच्या वर गवत होतं. ते ओबोलनं आणि मी कापलं. हा तेव्हा गुलू शहरात बसून विचारत होता, साप आहेत का म्हणून. आता साप गेले, तर हा आला."

"मग माहेरी जा," ओर्येम म्हणाला. "जमीन आमच्या कुळाची आहे, वहिनी."

गावात जमिनीचे तंटे कितारा आबा सोडवतात. आबा म्हणजे दोन दगडांवर पाय. त्यांनी सांगितलं, "तिळाची कापणी होईपर्यंत ती टिकली, तर पुढची पेरणी तिची. उठून गेली, तर जमीन ओर्येमची." हा कसला न्याय? बाईला छळायला मोकळं रानच दिलं की! पण लाकोत वाद घालत बसली नाही. बहिणीच्या गावी गेली आणि त्याच दिवशी पिल्लू काखेत मारून परत आली.

ओर्येमच्या शेळ्या तिच्या भुईमुगात शिरल्या. तिने हाकलल्या. त्याच्या बायकोने विस्तव द्यायचं बंद केलं. ही दूरच्या घरून आणू लागली. आणि सूर्य कलला की अंगणाच्या टोकाला उभी राहून, कमरेवर हात ठेवून, सावकाश हाक मारायची, "आबेदोकान्य!" कुत्रा बिचारा पायाशीच बसलेला असायचा.

शेवटी ओर्येम आबांकडे गेला. "तिला नाव बदलायला सांगा. मला डिवचते ती."

"कुत्र्याचं नाव ना?" आबा म्हणाले. "मग तुला का झोंबतं?"

ओर्येम पाय आपटत निघून गेला. खाई त्याला खवखवे.

कापणी संपत आली. तिळाच्या पेंढ्या वाळायला उभ्या केल्या होत्या, आणि एका सकाळी त्या पेंढ्यांपाशीच कुत्रा मरून पडलेला सापडला. तोंडाला फेस. कुणी विष घातलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोललं कुणीच नाही. लाकोत रडली. खोटं कशाला सांगू, हमसून हमसून रडली. मुलगी सासरहून धावत आली. "आई, चल माझ्याकडे. आज कुत्रा, उद्या तू." लाकोतने तिला जेवू घातलं आणि परत पाठवलं. मग एकटीनेच कुदळ घेतली आणि कुत्र्याला पुरलं.

संध्याकाळी तीळ झोडायला शेजारणी आल्या. आबाही झाडाखाली येऊन बसले. ही जाते की राहते, ते त्यांनाही बघायचंच होतं. ओर्येम आपल्या दारात निवांत पाय पसरून बसला होता. लाकोत उठली, अंगणाच्या टोकाला गेली आणि कमरेवर हात ठेवून तिने हाक मारली.

"आबेदोकान्य!"

बायकांच्या काठ्या थांबल्या. लाकोतने पुन्हा हाक दिली, अजून मोठ्याने. तिसऱ्या हाकेला ओर्येम ताडकन उठला आणि बांध ओलांडून तरातरा तिच्या अंगणात आला.

"वेड लागलंय का वहिनी? कुत्रा मेलाय तुमचा! कुणाला हाका मारताय?"

लाकोतने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ज्याला मारत होते, तो आलाय भावजी."

एक शेजारीण फिसकन हसली, मग कुणालाच हसू आवरेना. ओर्येम हसणाऱ्या बायकांकडे बघत तसाच उभा राहिला. आबा काठी टेकत उठले. "ओर्येम, ती काय म्हणतेय ते आता नीट ऐकलंस ना? मग घरी जा. पेरणी तिची."