चौथ्या टेबलाचं प्रमेय

माझ्या मावशीने पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा घरात कोणी फारसा आनंद मानला नाही. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, "कशाला?"

"माणसं समोर आलेला कागद वाचतात की नाही, ते शोधायचंय."

"हं."

"मी आत्ता काय म्हणाले?"

काकांनी पान उलटलं. "काय म्हणालीस?"

"लिहून घे गं," मावशी मला म्हणाली, "नमुना क्रमांक एक."

मावशी विद्यापीठाच्या रेकॉर्ड विभागात. तरुणपणी गणितात एम.एस्सी. केलं, तेही पहिल्या वर्गात, पण नोकरी मिळाली ती तळघरात, जुन्या फाइली सांभाळायची. काम संपलेली फाइल तिच्याकडे यायची. टाचण्या काढायच्या, पानांना क्रमांक घालायचे, पेन्सिलीच्या खुणा रबराने पुसायच्या, दोरा ओवायचा आणि गठ्ठा बांधून फळीवर. गठ्ठ्यात जाणाऱ्या कागदावर पेन्सिलीची रेघ दिसता कामा नये, हा तिथला नियम. मावशी तो इतका कडक पाळायची की महिन्याला दोन रबरं संपायची. बावीस वर्षांत तिच्या फळीवरच्या एकाही फाइलीत कुणाला डाग सापडला नव्हता. याचा तिला भयंकर अभिमान. बाकी बायका दागिने दाखवतात तशी ती पाहुण्यांना गठ्ठे दाखवायची.

संशोधनाचं खूळ तिथेच डोक्यात शिरलं. विद्यापीठात कुठलीही फाइल नऊ टेबलांवरून जाते आणि नऊ सह्या घेते. मावशीच्या लक्षात आलं की पहिल्या तीन टेबलांवर निदान एखादा शेरा पडतो. चौथ्यापासून नुसत्या सह्या, एकाखाली एक, रांगेत उभ्या केल्यासारख्या. चौथा माणूस कागद बघतच नाही, वरच्या तीन सह्या बघतो. पाचवा चार बघतो. नववा तर इतका निर्धास्त असतो की सही करताना फोनवर बोलत असतो. मावशीने याचं गणित मांडलं. वरची प्रत्येक सही खालच्याची वाचायची शक्यता किती खाली आणते, ते सूत्रात बसवलं आणि सिद्ध केलं की चौथ्या टेबलापुढे फाइल कोणीही वाचत नाही. हेच चौथ्या टेबलाचं प्रमेय.

विषय निम्मा गणिताचा, निम्मा लोकप्रशासनाचा, म्हणून मार्गदर्शकही दोन. गणिताच्या सरांना सगळे 'समजा सर' म्हणत. चहा हवा असला तरी ते "समजा, दोन कप आहेत" अशी सुरुवात करायचे. लोकप्रशासनाच्या बाई म्हणजे 'एकूणात मॅडम'. त्यांना कुठलीही एक गोष्ट दिसायची नाही, शंभर दिसायच्या. दोघं एकमेकांच्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. सहा वर्षं मावशी तळमजला आणि तिसरा मजला यांच्यामध्ये निरोप्यासारखी पळत होती.

प्रमेय तपासायला तिने चाळीस फाइली फिरवल्या. कुलसचिवांची लेखी परवानगी होती, आणि तीही त्यांनी न वाचता दिली असावी असा मावशीचा संशय होता. प्रत्येक फाइलीत सातव्या पानावर एक वेडगळ ओळ. 'ग्रंथालयातील पुस्तके उंचीप्रमाणे लावून फार उंच पुस्तके रद्द करावीत.' 'सभागृहातील खुर्च्यांची तोंडे यापुढे भिंतीकडे असावीत.' मंजूर झालेली फाइल अंमलात यायच्या आत मावशी धावत जाऊन परत आणायची. एकदा तिला ताप होता, जाता आलं नाही. दोन दिवस सभागृहातल्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून होत्या. त्यात एक व्याख्यानही झालं. वक्ता म्हणे खूश होता, पहिल्यांदाच कोणी जांभई देताना दिसलं नाही.

एकोणचाळीस फाइली परत आल्या. चौथ्या टेबलापुढे कुणाचा ब्र नाही. मावशीने त्या शिस्तीत साफ केल्या, बांधल्या, फळीवर चढवल्या. प्रबंध छापून तयार झाला. सहा वर्षांची मुदत संपायला सहा दिवस उरले होते आणि मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. शेवटच्या तारखेपर्यंत प्रबंध जमा करायच्या खिडकीत पोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं कचऱ्यात.

आणि असे सहा दिवस उरले असतानाच चाळिसावी फाइल आली.

तिच्या सातव्या पानावर ओळ होती, 'तिसऱ्या मजल्यावरील पाण्याचा कूलर कुलसचिवांच्या दालनात, त्यांच्या खुर्चीच्या जागी बसवावा.' खाली नऊ सह्या. मावशीने सवयीने रबर उचललं आणि हात तिथेच थांबला. समासात बारीक अक्षरात, पेन्सिलीने, कोणीतरी लिहिलं होतं: 'त्या भिंतीला नळ नाही. साहेब कुठे बसणार?'

अक्षर नऊ जणांपैकी कुणाचंच नव्हतं. नऊच्या नऊ अक्षरं मावशीला झोपेत ओळखू आली असती.

मी तेव्हा तिथेच बसून तिच्या प्रबंधाची सूची तपासत होते. मला म्हणाली, "चल." आम्ही जिना चढायला लागलो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर शिपाईमामा पायरीवर बसले होते. एक पाय लांब केलेला, मांडीवर उघडी फाइल, कानाला पेन्सिल. एकतीस वर्षं हाच माणूस या टेबलावरून त्या टेबलावर फाइली नेतो.

"मामा, हे तुम्ही लिहिलंत?"

मामांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "हो. का? नळ आहे का तिथे?"

"तुम्ही फाइली वाचता?"

"मग काय करू? गुडघे धरतात हो. लिफ्ट साहेबलोकांची. इथे दहा मिनिटं बसल्याशिवाय वरचा जिना चढवत नाही. बसल्या बसल्या वाचतो."

"सगळ्या?"

"जाड असली तर अर्धी जाताना, अर्धी येताना."

मावशीने कठडा धरला. "मामा, त्या खुर्च्यांची फाइल आठवते? भिंतीकडे तोंड?"

"न आठवायला काय झालं! लिहिलं होतं ना मी, 'पाहुणे भिंतीला टाळ्या देणार का?' कुणी ऐकलं नाही. खुर्च्या मलाच फिरवाव्या लागल्या. दोनदा."

"पण फाइलीवर तसं काहीच…" मावशीच्या हातात अजून रबर होतं. तिने ते पदराआड केलं, जणू रक्त लागलेली सुरी.

"बाई, मी तुम्हालाच लिहायचो," मामा म्हणाले. "साहेब बघत नाहीत, मला माहितीये. पण जुनी फाइल पुन्हा वर निघाली की मी बघायचो, माझी खूण पुसलेली. म्हटलं, खाली बाई आहेत. वाचतात, दखल घेतात, मग पुसतात."

मावशी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. बावीस वर्षांत तिने पुसलेल्या खुणांपैकी एकही वाचली नव्हती.

खाली येताना मी म्हटलं, "मावशी, ही एक फाइल पुसून टाक ना. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना, कार्टे," ती म्हणाली. "तेवढं पुसायचं रबर दाखव."

समजा सरांनी समास बघितला आणि खडू खाली ठेवला. "समजा, चाळीस लाख फाइली आहेत आणि एकच वाचली गेली. प्रमेय मेलं. मी या प्रबंधावर सही करणार नाही."

एकूणात मॅडमनी तोच समास बघितला आणि हसल्या. "अगं, चाळिसात एक! एकूणात काहीच नाही. तळटीप दे आणि जमा कर. सहा दिवसांत काय नवीन लिहिणारेस? नव्यावर मी सही करणार नाही."

जुन्यावर एक सही, नव्यावर दुसरी. दोन्ही एकाच कागदावर हव्या होत्या.

मावशीने पुढचे दोन दिवस जिन्यात काढले. चाळीसही ओळींची यादी घेऊन मामांच्या शेजारी बसली. मामांनी एकेक आठवून सांगितली, कुठे काय लिहिलं, कधी पाऊस होता, कधी पेन्सिलीचं टोक मोडलं. मावशीने ते सगळं लिहून काढलं आणि ती टाचणं मॅडमसमोर ठेवली, तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्या. "ही तर मुलाखत! एकूणात अर्ध्याहून जास्त फाइली! आधी का नाही आणलंस?"

समजा सर म्हणाले, "आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. पण मला एक समास पुरतो, तो आहे."

अशा रीतीने दोघं सहा वर्षांत पहिल्यांदा एकाच गोष्टीवर राजी झाले, वेगवेगळ्या कारणांनी. आता प्रबंध म्हणत होता की चौथ्या टेबलापुढे सही करणारे वाचत नाहीत, पण फाइल वाचली जाते, आणि वाचणाऱ्याला सहीचा रकानाच नाही.

फक्त एका वाक्यावर अडलं. मावशीने लिहिलं होतं, 'या नोंदी संशोधिकेने स्वतः, न वाचता, पुसल्या.'

"'न वाचता' काढ," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या विभागातले सगळे हसतील. बावीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"हसू देत," मावशी म्हणाली. "न वाचता पुसलं नसतं, तर हा प्रबंध लिहायची वेळच आली नसती."

वाक्य राहिलं. शेवटच्या दिवशी साडेचारला चार जाडजूड प्रती बांधून आल्या. खिडकी चौथ्या मजल्यावर, बंद व्हायची पाचला; पाचनंतर आलेल्या कागदावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडायची. मावशी फी भरल्याचं चलन घ्यायला पळाली, मी तिच्याबरोबर, आणि मामा म्हणाले, "प्रती मी नेतो वर, हेच तर माझं काम."

पावणेपाचला आम्ही खिडकीशी. मामा नाहीत. प्रती नाहीत.

वळणावर मामा बसले होते. मांडीवर प्रबंध, पान एकशेबारा.

"मामा!" मी ओरडले. "पंधरा मिनिटं राहिलीत!"

"बाई, इथे चूक आहे," मामा मावशीला म्हणाले. "मी सत्तावीस फाइलींवर लिहिलं, असं म्हटलंय तुम्ही. सव्वीस."

"तुम्हीच सत्तावीस सांगितल्यात!"

"ग्रंथालयाची जास्तीची धरली गेली. तिच्यावर काही लिहिलं नव्हतं मी. मला पटली होती ती. फार उंच पुस्तकं रद्दच करायला हवीत, उचलताना खांदे जातात."

मी मावशीकडे बघितलं. एका आकड्याने कुणाचं काय बिघडणार होतं? मावशीने पेन काढलं, पायरीवर बसली आणि चारही प्रतींत सत्तावीस खोडून सव्वीस केलं. मग आम्ही तिघं उरलेला जिना चढलो, मामांच्या गुडघ्यांच्या गतीने.

खिडकीतल्या बाईने पान एकशेबारा उलटलं. "खाडाखोड? चालत नाही."

"चालते," मावशी म्हणाली. "नियम माझ्याच तळघरात आहे. बदल करणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही."

"साक्षीदार कोण? खाडाखोड झाली तेव्हा हजर असलेला कर्मचारी लागतो."

मावशीने स्वतःची सही केली, चारदा, आणि पेन मामांच्या पुढे धरलं. मामांनी ते घेतलं. पहिली प्रत ओढली, चष्मा पुसला आणि पान वरपासून वाचायला लागले.

"मामा," मी कुजबुजले, "आत्ताच तर वाचलंत."

"तेव्हा दुरुस्ती झाली नव्हती."

वाचून सही झाली. दुसरी प्रत ओढली. पुन्हा वरपासून.

"अहो, चारही सारख्याच आहेत!" खिडकीतली बाई किल्ल्या वाजवत म्हणाली.

"सारख्या आहेत हे वाचल्याशिवाय कसं कळणार?"

भिंतीवरचा काटा पाचावर आला आणि पुढे सरकला. मावशी मामांना उजेड नीट मिळावा म्हणून खिडकीपासून बाजूला झाली. तिसरी प्रत. चौथी प्रत. मामांची सही मोठी, गोल, पोराच्या अक्षरासारखी.

"तारीख कुठली घालू?" मामांनी विचारलं.

बाईने घड्याळाकडे बघितलं, मग त्या चार सह्यांकडे. मग किल्ल्या टेबलावर ठेवून शिक्का उचलला.

"आजचीच घाला," ती म्हणाली.