हातभर खाली

ऐन उमेदीची वर्षं मी बास्केटबॉलवर जेवलो. एका कंपनीच्या संघात होतो, पगार खेळण्याचाच मिळायचा. गुडघा गेल्यावर कंपनीने शाल दिली आणि तलासरीतल्या एका आश्रमशाळेने सहायक प्रशिक्षकाची जागा. सहायक म्हणजे चेंडूत हवा भरणारा. मुख्य प्रशिक्षक डहाणूहून यायचे, बहुधा फोटोच्या दिवशी.

मैदानाचं उद्घाटन पाहुण्यांनी पहिला चेंडू रिंगेत टाकून करायचं होतं. आदल्या दिवशी त्यांचा माणूस आला, वर बघून म्हणाला, "साहेबांचा चेंडू तिथवर जायचा नाही. हसं होईल." मुख्य सरांनी वेल्डर बोलावला. रिंग हातभर खाली आली. एक खाली नि एक वर बरं दिसत नाही, म्हणून दुसरीही. साहेबांचा चेंडू तिसऱ्या खेपेला गेला. टाळ्या पहिल्यालाच वाजून गेल्या होत्या.

"आता वर घेऊ या," मी म्हणालो.

"घेऊ की," मुख्य सर म्हणाले. "पण सव्वीस जानेवारीला कोणीतरी येणारच. सारखं वेल्डिंग केलं तर खांब राहील का, सर?"

कोणी ना कोणी येत राहिलं. रिंगा तिथेच राहिल्या.

संघात डोंगराकडच्या पाड्यावरची एक मुलगी होती. घरी भात आणि नागली, तीही पाऊस देईल तेवढी. तिने टाकलेला चेंडू रिंगेला न लागता जाळीतून सरळ खाली यायचा. पालघरच्या चाचणीत निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, शिक्षण, सगळं मिळणार होतं. नाहीतर बापाने घोलवडला चिकू भरायचं काम बोलून ठेवलं होतं.

मी स्वयंपाकघरामागच्या ताडाला सायकलची रिम बांधली, दहा फुटांवर, नियमात बसेल अशी. ती तिथे खेळू लागली. आठवडाभरात पुन्हा पाहुणे येणार म्हणून मुख्य सरांनी रिम काढायला लावली. भंगाराचं दुकान वाटतं म्हणाले.

"सर, तुमची रिम कुठं गेली?" तिने विचारलं.

"पाहुण्यांच्या डोळ्यात खुपेल म्हणून काढली."

"एवढे वर बघतात का ते?"

चाचणीत तिचा पहिला चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. दुसराही. मी बाजूने सांगत होतो, वर टाक, अजून वर. तिला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. मग ती टाकायचीच थांबली, चेंडू मिळाला की दुसरीला देऊ लागली.

निवड करणारे गृहस्थ माझ्याजवळ आले. "मुलगी चपळ आहे हो, पण पाया कच्चा. शिकवतं कोण?"

"मी," म्हणालो.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. तलासरी येईपर्यंत बाहेरच्या ताडांचे शेंडे बघत राहिली.

पुढच्या महिन्यात चाचणीत भाग घेतल्याबद्दल संघाचा सत्कार झाला. ती घोलवडला कामावर होती, सुट्टी मिळाली नाही. तिचं प्रमाणपत्र पाहुण्यांनी माझ्या हाती दिलं, फोटो झाला. मग लोकाग्रहास्तव त्यांनी एक चेंडू टाकला.

पहिल्याच खेपेला गेला.