पितृपंधरवड्यात राहिलेली सही

इतिहासाच्या मॅडमना कायम करायचं की घरी पाठवायचं, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या कॉलेजात सगळ्यांना पडला होता. मला पडायचं काही कारण नव्हतं. मी कार्यालयीन अधीक्षक. कुणाला ठेवायचं हे संस्थेनं ठरवायचं, मी पत्र टाईप करून जावक क्रमांक टाकायचा. तरी त्या दोन महिन्यांत माझी जी घालमेल झाली ती लेकीच्या बारावीलाही झाली नव्हती.

आमचं कॉलेज उमरगा तालुक्यात, मुरुमच्याही पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. बाजारात निम्मं बोलणं कानडीत चालतं. मॅडमचं गाव हद्दीपलीकडचं, घरची भाषा कानडी, शिक्षण मराठीतून. जुनी कानडी लिपी त्यांनी मुद्दाम शिकून घेतली होती. म्हाताऱ्या आईला घेऊन त्या इथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. नोकरीला लागून दोन वर्षं होत आली होती. या पहिल्या दोन वर्षांना परिविक्षा म्हणतात. ती संपली की शिक्षक पक्का होतो, आणि मग त्याला उठसूट काढता येत नाही. त्याआधी मात्र ‘काम समाधानकारक नाही’ एवढं एक वाक्य पुरतं.

हे सगळं सुरू झालं वेशीजवळच्या दगडावरून. कमरेएवढी वीरगळ आहे ती, लढताना मेलेल्या कुणा वीराची. खाली गाई कोरलेल्या, मधे लढाई, वर स्वर्ग. शेंदराचे थर इतके की गाई ओळखू येत नाहीत. गावाच्या लेखी ते गाव वसवणाऱ्या पाटलाचं स्मारक, आणि तो पाटील म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मूळपुरुष. जत्रेत पहिला नैवेद्य त्यांच्या घरचा. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. कॉलेजची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली. अण्णा स्वतः मॅट्रिक, पण ग्रंथालयात कुठलं कपाट कधी आलं हे त्यांना तोंडपाठ.

मॅडमनी बाजूचा शेंदूर हलक्या हातानं काढला, दगडावर कागद लावून ठसे घेतले आणि खालच्या दोन ओळी वाचल्या. त्यांचं म्हणणं असं, की हा पाटील नव्हे. दुसऱ्याची गुरं राखणारा एक माणूस, चोरांनी पळवलेल्या गाई सोडवताना मेलेला. धाराशिवला एका चर्चासत्रात त्यांनी हा निबंध वाचला. दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्हा पानावर मथळा आला: पाटील नव्हे, गुराखी. मथळा त्यांचा नव्हता, पण खाली नाव त्यांचं होतं.

खरं सांगायचं तर वाचून मलाही कसंसंच झालं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा तिथंच नारळ फोडायला लावला होता.

अण्णांनी मॅडमना बोलावलं तेव्हा प्राचार्यांबरोबर मीही फाईल घेऊन हजर होते. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, “मॅडम, तुमी वाचा की काय वाचायचं ते. पण पोरांपुढं आमचा बाप काढू नका.” पेपरात दोन ओळींचा खुलासा द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मॅडम म्हणाल्या, वाचन चुकलंय असं कुणी अक्षरं दाखवून सांगितलं तर खुलासाच काय, माफीही देईन. पण अक्षरं तीच असताना खुलासा कशाचा देऊ? अण्णांनी कप खाली ठेवला. बरं म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला, एकट्या मॅडमना सोडून.

मग टोमणे सुरू झाले. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारायचं, मॅडम, आमच्याही आजोबांचा दगड वाचून द्या, बघू कोण निघतंय. दुसरा म्हणायचा, नको रे बाबा, जमीन जायची. मॅडमही हसायच्या. पण त्यांच्याशेजारी बसून डबा खाणाऱ्या दोघीजणी हळूहळू दुसऱ्या टेबलावर गेल्या. तास बुडवणं, उशिरा येणं यातलं त्यांच्याकडून काही घडत नव्हतं. हजेरीपट माझ्याकडंच असायचा. पहिल्या वर्षाच्या गोपनीय अहवालात प्राचार्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘उत्तम’ लिहिलं होतं.

सप्टेंबर निम्मा सरला तेव्हा मी माझी नेहमीची यादी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. पुढच्या तीन महिन्यांत कुणाची वेतनवाढ आहे, कोण निवृत्त होतंय, कुणाची रजा संपते, कुणाची परिविक्षा संपते, असं सगळं त्यात असे. मॅडमची ऑक्टोबरअखेर संपत होती. प्राचार्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाले, यांचं नोटीसचं पत्र तयार करा, काम समाधानकारक नाही म्हणून. मी म्हटलं, सर, तसा शेरा लेखी द्या, फाईलला लावते. ते हसले. आपल्याकडं आधी तोंडी ठरतं, कागद मागून येतो, तुम्हाला काय नवीन आहे का, म्हणाले. नवीन नव्हतं. इतक्या वर्षांत मी असे कितीतरी मागून आलेले कागद आधीच्या तारखांना नीट बसवले होते.

मी पत्र टाईप केलं. हे लपवण्यात अर्थ नाही. चार ओळी, खाली अध्यक्षांच्या सहीची जागा. पत्र फोल्डरमध्ये घालून अण्णांच्या घरी पाठवलं, आणि त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की पितृपंधरवडा लागलाय.

पितरांच्या पंधरा दिवसांत अण्णा सही करत नसत. वडिलांपासूनची रीत. पगाराची बिलं ते आधीच सही करून ठेवत; बाकी कागद कितीही घाईचा असो, त्यांच्यापुढं न्यायचा नाही. ही रीत मोडून मी एकदाच एक अर्ज नेला होता, नवीन असताना. त्यांनी मला नीट बसवलं, जेवू घातलं आणि कागद तसाच परत दिला. आताचा फोल्डरही त्यांच्या घरी न उघडता पडून राहणार होता.

आता नियम असा, की नोटीस परिविक्षा संपायच्या निदान एक महिना आधी शिक्षकाच्या हातात पडायला हवी. तशी पडली नाही तर शिक्षक आपोआप कायम. म्हणजे शेवटचा दिवस ऑक्टोबरअखेर नव्हता, सप्टेंबरअखेर होता. आणि सर्वपित्री अमावस्या त्याच्या दोन दिवसांनंतर.

हे कॉलेजात फक्त मला माहीत होतं. प्राचार्यांनी विचारलं, मुदत आहे ना अजून? मी म्हटलं, परिविक्षा ऑक्टोबरअखेर संपते. यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते निवांत झाले. माझी मात्र झोप उडाली. ज्या बाईनं कुणाच्या पेन्शनचा कागद एक दिवस मागं पडू दिला नाही, ती एक तारीख पोटात ठेवून हिंडत होती. घरी स्वयंपाक करताना मी दोन्ही बाजू मोजायची. सांगितलं तर अण्णा कदाचित रीत मोडतील आणि एक चांगली शिक्षिका जाईल. नाही सांगितलं तर मी माझं काम केलं नाही. आणि मी कोण हे ठरवणारी? दगडावर काय लिहिलंय हे मला वाचता येत नव्हतं. त्या चुकल्याही असतील. पण चुकल्या असतील तर ते दाखवायची जागा वेगळी, ‘काम समाधानकारक नाही’ ही नव्हे, इथपर्यंत मी रोज येऊन थांबायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मॅडम स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या. “अक्का, माझं काय होणार आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, या महिन्यात रजा टाकू नका, हजेरीवर सही चुकवू नका, काही कागद आला तर तारीख आणि वेळ घालूनच घ्या. त्या टेबलाशीच थांबल्या. मी आणखी काही सांगेन असं त्यांना वाटलं असावं. मी टपालाच्या गठ्ठ्यात डोकं घातलं.

सप्टेंबर संपला. अमावस्या झाली. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी फोल्डर सही होऊन आला. शिपाई मामा नोटीस घेऊन स्टाफरूममध्ये गेले. मॅडमनी तारीख, वेळ घालून ती घेतली आणि अकराचा तास पूर्ण घेतला.

त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. शेवटी एका ओळीत मुदतीचा नियम होता. त्याआधीची सगळी पानं दगडाची. एकेका अक्षराचा ठसा, ते असंच का वाचलं याची कारणं. मागणी एवढीच, की जुनी कानडी जाणणाऱ्या माणसांकडून हे तपासून घ्या. चुकीचं ठरलं तर मी जाहीरपणे मागं घेईन. प्राचार्यांनी पानं उलटत शेवटची ओळ गाठली आणि त्यांचा चेहरा उतरला.

अण्णांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर ते एकटेच होते.

“तारीख ठाऊक होती व्हय तुमाला?”

“होती.”

“मग बोलला न्हाईत?”

“पितरांच्या दिवसांत तुमच्यापुढं सहीचा विषय काढायचा नाही, ही रीत तुमचीच, अण्णा.” इथं मला थांबता आलं असतं. पण ती पळवाट होती आणि त्यांनाही ती कळत होती. “आणि मला काढायचाही नव्हता.”

ते उठून देवघरातल्या घटाला पाणी घालून आले. मग म्हणाले, “तुमी सांगितलं असतं तर म्या सही केली असती का न्हाय, ते आता मला बी कळायचं न्हाय. एवढं मात्र लई वाईट केलंत.”

आजही ते वाक्य आठवलं की मला उठून दोन फेऱ्या माराव्या लागतात. त्यांची सही मी अडवली नव्हती. त्यांना ठरवायची संधी मात्र दिली नव्हती.

प्राचार्यांनी विद्यापीठाला विचारलं; तिकडून मुदतीचा नियम लागू असल्याचं पत्र आलं. मॅडमच्या निबंधावर त्यात एक शब्दही नव्हता. कायम केल्याचा आदेश मीच टाईप केला. मॅडम तो घ्यायला आल्या तेव्हा मी पेढे आणून ठेवले होते. त्यांनी आदेश दोनदा वाचला.

“अक्का, रागावू नका,” त्या म्हणाल्या. “पण माझं लिहिणं कुणी वाचलं म्हणून मी राहिले नाही. तुम्ही गप्प बसलात म्हणून राहिले. उद्या या खुर्चीत दुसरं कुणी असेल, आणि ते बोलेल.”

मला राग आलाच. मी म्हटलं, बाई, दुसरं कुणी असेलच, माझी बदली झाली आहे. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मग तो त्यांनी खाली ठेवला. त्यांनी माझ्या पिशव्या बांधायला मदत केली.

आता मी येडशीजवळच्या, संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजात आहे. धाराशिवला खोली घेतली आहे, रोज एसटीनं जाते. काम तेच. नवऱ्याचं म्हणणं, झालं ते झालं, आता तरी नीट झोप. जमत नाही. मॅडम टिकल्या याचं बरं वाटतं, पण ज्या तऱ्हेनं टिकल्या ती मला पटत नाही, आणि त्या गेल्या असत्या तर मला काय पटलं असतं हेही सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात मी धाराशिवच्या स्टँडवर असताना त्यांचा फोन आला. त्यांनी हद्दीपलीकडच्या एका निवृत्त प्राध्यापकांना स्वतःच्या खर्चानं बोलावून वीरगळ दाखवली होती. त्या गृहस्थांनी तीन अक्षरं वेगळी लावली. त्यांच्या मते तो गुराखी नसावा, व्यापाऱ्यांच्या तांड्याचा राखणदार असावा. मॅडमनी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसे घेतले, दोन रात्री बसल्या, आणि त्यांना ते पटलं. ज्या पेपरात आधी बातमी आली होती त्यालाच त्यांनी दुरुस्ती पाठवली. स्टाफरूममध्ये आता चिडवताहेत, मॅडम, पुढच्या वर्षी काय निघणार, पोस्टमन?

हे ऐकताना मला आधी धस्स झालं. ही चूक सप्टेंबरात निघाली असती तर अण्णांच्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं. मग लक्षात आलं, सप्टेंबरात त्यांना काढलं असतं तर ही चूक कुणाला सापडलीच नसती. पहिला निबंध तसाच खरा म्हणून राहिला असता, किंवा तसाच खोटा म्हणून.

मी विचारलं, अण्णा काय म्हणाले?

त्या म्हणाल्या, अण्णा पेपर घेऊन स्वतः कॉलेजात आले. सरळ त्यांच्या वर्गाबाहेर उभे राहिले. तास संपेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, म्हंजी आता तो आमचा व्हय?

“मी म्हटलं, नाही अण्णा, असंही नाही निघत.”

“मग?” मी विचारलं.

“मग म्हणाले, कुणाचा ते लागलं तर सांगा. आणि गेले.”

मी फोन ठेवला. एसटी सुटायला पाच मिनिटं होती, पण ‘लागलं तर सांगा’ हे अण्णांचं बोलणं मनात घोळवत मी तिथंच उभी राहिले. ती गाडी गेली. पुढची पाऊण तासानं होती.