एका आलेखातील दोन बिंदू

वयाच्या ज्या टप्प्यावर माझ्या बरोबरीच्या बायका मुलांच्या लग्नाची खरेदी करीत होत्या, त्या टप्प्यावर मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. सांगलीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षे काम करते. ग्रंथालय हे भिडस्त माणसाला मानवणारे ठिकाण आहे. तेथे मोठ्याने बोलण्यास मनाई असते, आणि ती मनाई मला कधीच जाचली नाही. संशोधनात मात्र बोलावे लागते, हे मला नोंदणी होऊन गेल्यावर कळले.

माझा विषय सांगितला की लोक सभ्यपणे मान डोलावत आणि हवापाण्याकडे वळत. श्वसनविकारांना वाहिलेल्या एका त्रैमासिकाचा मी अभ्यास करीत होते. रोगांचा नव्हे, त्यातल्या लेखनाचा. कोणत्या विषयांवरचे लिहिणे वाढत गेले, कोणते विषय मागे पडले, आणि कोणाच्या निबंधाचा आधार पुढच्या संशोधकांनी घेतला, हे मला पाहायचे होते. एखाद्या संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा उल्लेख केला की आमच्या शास्त्रात त्याला उद्धरण म्हणतात, आणि उद्धरणे मोजून निबंधाचा प्रभाव ठरवतात. क्षयाने वर्षानुवर्षे अडवून ठेवलेली पाने दम्याने आणि धुराने हळूहळू कशी वाटून घेतली, मग करोना आला आणि त्याने सगळ्यांनाच कोपऱ्यात कसे ढकलले, हे पाहताना मी जेवण विसरत असे.

या सगळ्याचा मी संगणकावर एक आलेख तयार केला होता. प्रत्येक लेखक म्हणजे एक बिंदू. उद्धरणे अधिक, तितका बिंदू मोठा. कोणी कोणाचा आधार घेतला, ते बिंदूंना जोडणाऱ्या रेघांवरून कळे. आलेखाच्या उजव्या कडेला एक ठसठशीत बिंदू होता. गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी बसून दिवसभर चिपाडांचा जाळ घालणाऱ्या माणसांच्या श्वासाविषयी एकच निबंध लिहिलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीचा तो बिंदू होता. पुढे अनेकांनी त्या निबंधाचा आधार घेतला. ती स्वतः मात्र पुन्हा कधीच लिहिती झाली नव्हती. साताऱ्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांना तो बिंदू फार आवडे. "एकदाच चमकली आणि गेली," असे ते म्हणत. त्यांच्या सूचनेवरून मी 'अल्पजीवी लेखक' असे उपशीर्षक देऊन त्यावर एक परिच्छेदही लिहिला होता, आणि प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली होती.

अशातच आमच्या संस्थेला श्वसनविकार विभागासाठी प्रमुख नेमायचा झाला. संस्थेची महाविद्यालये साताऱ्यातही आहेत आणि सांगलीतही, त्यामुळे उमेदवार दोन्हीकडचे. बहुतेकांचे लेखन त्याच त्रैमासिकात आलेले. निवड समितीत माझे सर होते. त्यांनी समितीला सांगितले की प्रभाव मोजण्याचे काम आमच्या बाईंनी आधीच करून ठेवले आहे. आलेख समजावून सांगण्यासाठी मला साताऱ्याला बोलावणे आले. एसटीत लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन मी कऱ्हाडपर्यंत पहिले वाक्य पाठ केले आणि कऱ्हाडनंतर दुसरे. साताऱ्याला उतरले तेव्हा पहिले विसरले होते.

बैठकीत आलेख भिंतीवर दाखवला गेला. माझी दोन वाक्ये कशीबशी बोलून मी खाली बसले, आणि सुटले असे वाटत असतानाच समितीच्या सचिवांनी छाननीतला एक आक्षेप वाचून दाखवला.

आक्षेप आमच्याच सांगलीच्या डॉक्टरबाईंविषयी होता. त्यांना मी चांगली ओळखत होते. ग्रंथालयात येणारी ती एकच व्यक्ती अशी, की जिला हळू बोला म्हणण्याचा धीर मला कधी झाला नव्हता. त्या हसत आत येत, उभ्यानेच नवे अंक चाळत आणि जाताना माझ्या टेबलावर ऋतूप्रमाणे हरभऱ्याचा डहाळा किंवा पेरू ठेवून जात. या पदासाठीच्या अर्जात, आपल्या लेखनाच्या यादीत त्यांनी तो गुऱ्हाळाचा निबंध दाखवला होता.

"हा निबंध दुसऱ्याच बाईंचा आहे," सचिव म्हणाले. "नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. ग्रंथपाल मॅडमचा आलेख बघा. तिथंही दोन वेगळ्या व्यक्ती आहेत."

अध्यक्ष पाटणकडचे, निवृत्त प्राचार्य. भाषणाला उभे राहिले की त्यांची भाषा पुस्तकी होई आणि खाली बसले की घरची. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "मग इचारताय काय? दुसऱ्याचं ल्येकरू कडंवर घेऊन जत्रंत मिरवायचं, ह्याला काय म्हनायचं? कापा नाव. आन शेरा मारा."

"शेरा 'दिशाभूल' असा लिहू, का 'वाङ्मयचौर्य'?"

"चौर्यच म्हणतात त्याला," माझे सर म्हणाले. "शब्द नेमका असावा."

"च्या घिऊ आदी," अध्यक्ष म्हणाले. "मग लिवा."

असा शेरा एकदा कागदावर चढला, की तो डॉक्टरबाईंचे हे पदच नव्हे, पुढची सगळी नोकरी खाऊन टाकणार होता. आणि त्याच्या समर्थनार्थ भिंतीवर माझा आलेख उभा होता.

सगळे चहाकडे वळले. मी आलेखाकडे पाहत राहिले. डॉक्टरबाईंचा बिंदू मध्यम आकाराचा होता. त्यांच्या पहिल्या निबंधापासून शेवटच्या निबंधापर्यंत प्रत्येकातून एक रेघ निघून उजवीकडच्या त्या मोठ्या बिंदूकडे जात होती. रेघा इतक्या दाट झाल्या होत्या की त्यांची दोरीच दिसावी. एवढ्या काळात संशोधक आपले आधार बदलतो. नवे निबंध येतात, जुने गळतात. इतक्या निष्ठेने माणूस बहुधा स्वतःकडेच परत जातो. शिवाय मोठ्या बिंदूचे लेखन ज्या वर्षी थांबले होते, त्यानंतर थोड्याच अवधीत या दुसऱ्याचे सुरू होत होते.

आणि मग मला ताट आठवले. माझ्या लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात आमच्या यजमानांनी अंगठीने माझे नवे नाव लिहिले होते. त्या दिवशी आडनाव बदलले, वडिलांच्या नावाच्या जागी यजमानांचे नाव आले आणि आईने ठेवलेले नावही गेले. आमच्याकडे ही रीतच आहे, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझ्याही आली नव्हती. संगणकाने तीन ठिकाणी वेगळी असलेली नावे पाहिली आणि दोन माणसे मोजली. मी त्यावर परिच्छेद लिहिला.

परंतु हे सगळे माझे अनुमान होते. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या बाह्यरुग्ण विभागात होत्या.

"बोला मॅडम. थांबा जरा, पेशंट आहे पुढं. आजोबा, श्वास आत घ्या. धरून ठेवा."

मी विचारले, "लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

पलीकडून आजोबांचा घुसमटलेला आवाज आला, "आवं डाक्टरीनबाई, किती येळ धरू? जातोय की मी!"

"सोडा, सोडा आजोबा!" मग त्यांनी मला नाव सांगितले. ते उजवीकडच्या बिंदूचेच होते. "का हो? काय झालं?"

मी सांगितले. 'चौर्य' हा शब्द मात्र माझ्याच्याने उच्चारवेना. मी 'आक्षेप' म्हटले. त्यांनी न उच्चारलेला शब्द ओळखला.

"पलूसच्या गुऱ्हाळांवरनं फिरून लिहिलाय मी तो," त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "चुलवाणापाशी बसून. केसांचा वास जाईना म्हणून आई घरात घेत नव्हती. जुन्या नावाची पदवी आहे, दाखला आहे, काय पाहिजे ते पाठवते. आत्ता सांगा त्यांना."

"सांगते. पण आधी एक ऐका," मी म्हणाले. हेच मला सर्वांत कठीण जात होते. "ह्या दोन व्यक्ती एकच ठरल्या, की तुम्ही त्या निबंधाचा जो जो उल्लेख पुढं केलाय, तो स्वतःचाच स्वतः केलेला ठरतो. तसे उल्लेख मोजायचे नाहीत, असा आमचा नियम आहे. ते सगळे वजा होतील, आणि त्या निबंधाचे निम्म्याहून जास्त उल्लेख तुमचेच आहेत. साताऱ्याच्या उमेदवारांपेक्षा तुमचा आकडा खाली येईल."

"म्हणजे निबंध माझा ठरला की मी मागं पडणार?"

"मोजणीत, हो."

"आणि नाही ठरला तर चोर."

आतून कपबश्या गोळा केल्याचा आवाज आला.

"वजा करा," त्या म्हणाल्या. "माझं आहे ते माझ्याकडं येऊ द्या. आणि मॅडम, मोठ्यानं बोला हं. तुमचं बोलणं पुस्तकांच्या पलीकडं जात नाही."

मी आत गेले तेव्हा सचिवांनी लिहायला घेतले होते. मी उभी राहिले. मला कोणी बोलायला सांगितले नव्हते, आणि न सांगता बोलण्याची माझ्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच वेळ असावी. "थांबावं," एवढेच म्हणाले, तेही सुरुवातीला कोणाला ऐकू गेले नाही. पुन्हा म्हणाले तेव्हा ते जरा जास्तच मोठ्याने निघाले. अध्यक्ष दचकले.

"हा बिंदू आणि हा बिंदू एकच आहेत. आलेख चुकला आहे."

"तुमचा आलेख?" सरांनी विचारले.

"हो सर. माझा."

"बाई, आडनाव बदलतं हे आम्हालाही माहीत आहे. पण इथं पहिलं नावसुद्धा वेगळं आहे."

"सर, आपल्याकडे तेही बदलतात. ताटात लिहून."

मला वाटले, मी काहीतरी असभ्य बोलून बसले. मग अध्यक्षांनी चष्मा काढला.

"आयला," ते म्हणाले. "माज्या घरात तीन सुना हायती. तिघींची नावं पोरांनी ताटात लिवली, पन निवडून दिली मी. थोरलीचं तर आमच्या आत्तीचं नाव ठिवलं, तिला इचारलंबी न्हाई. आन हितं बसून म्या चोर म्हनतोय व्हय!"

सचिव हातातल्या पेनाकडे पाहत होते. "आमच्या मिसेसच्या सर्टिफिकिटांचा घोळ अजून मिटला नाही," ते पुटपुटले.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला रेघा समजावून सांगायला लावल्या, एकेक करून. मी सांगितल्या. स्वयं-उद्धरणे वजा होतात हेही सांगितले, कारण ते लपवले असते तर पहिले सांगण्याला अर्थ उरला नसता. सर हलक्या आवाजात म्हणाले, "हा एक बिंदू चुकला असेल, तर बाकीच्यांची खात्री काय? तुमचा प्रबंध असा सादर करता येणार नाही, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, सर."

शेरा लिहिला गेला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद पाठवले आणि आक्षेप निकालात निघाला. पद मात्र साताऱ्याच्या उमेदवाराला मिळाले. वजाबाकी माझ्याच हाताने करून द्यायची होती. ती करताना तो मोठा बिंदू पडद्यावर आक्रसत गेलेला मी पाहिला. डॉक्टरबाई पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात आल्या, अंक चाळला आणि टेबलावर पेरू ठेवून गेल्या. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. मी त्यांना थांबवून काही बोलावे, हे मला त्या गेल्यावर सुचले.

दोन बिंदू एकत्र करताना संगणक विचारतो, कोणते नाव ठेवायचे? हे मी माझ्या मनाने ठरवणे बरे नव्हे, म्हणून त्यांच्या घरी फोन केला. त्यांनी माझा प्रश्न घरात मोठ्याने सांगितला. मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला. ते लष्करातून निवृत्त होऊन आता ऊस बघतात.

"आगं, म्हायेरचं ठेव की! माजी काय हरकत हाय? नावं ठेवायचा उद्योग एकदा केला, त्यात लय गोंधळ झाला."

"तुम्ही गप बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "पहिलंच ठेवा."

ते ठेवले. परंतु सरांचा प्रश्न रास्त होता. माझ्या 'अल्पजीवी' लेखकांत बायकाच अधिक होत्या, आणि त्यांतल्या किती खरोखर थांबल्या आणि किती दुसऱ्या नावाने शेजारीच लिहीत बसल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हते. परिच्छेद मी काढून टाकला. प्रबंधाला मुदतवाढ मागितली. जुन्या महाविद्यालयांतून, वर्गमैत्रिणींकडून एकेकीचा क्रमांक मिळवला. आता दुपारी ग्रंथालय रिकामे झाले की मी दार लोटून घेते, पाण्याचा घोट घेते आणि अनोळखी बायकांना फोन करते. पहिला फोन लावताना क्रमांक दोनदा चुकला.

"नमस्कार. मी सांगलीहून एक ग्रंथपाल बोलतेय. क्षमा करा, पण लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

"कशाला पाहिजे?" पलीकडून करडा आवाज आला. "बँकेच्या नावानं फोन करणाऱ्या तुमच्यासारख्या लय बघितल्यात. ओटीपी देणार नाही हं मी."

"ओटीपी नको आहे," मी म्हणाले. "तुम्ही दम्यावर एक निबंध लिहिला होता का?"

बाईंनी फोन ठेवला नाही.